जुन्या मोटारींना कायद्याचे कवच, कारागीर मात्र वाऱ्यावर

विशेष प्रतिनिधी

नाशिक – केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' हा स्वतंत्र दर्जा दिला. अशा वाहनांसाठी नोंदणीची वेगळी पद्धत, 'व्हीए' ही अक्षरे असलेली वेगळी क्रमांकमालिका आणि दहा वर्षांची मुदत ठरविण्यात आली. नव्या नोंदणीसाठी २० हजार, तर पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क निश्चित झाले. वाहन तपासण्यासाठी प्रत्येक राज्याने समिती नेमावी, असेही नियमात आले. जुन्या मोटारींच्या शौकिनांनी या निर्णयाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. तोपर्यंत आजोबांची जपून ठेवलेली मोटार आणि भंगाराच्या वाटेवरची खटारा गाडी यांत कायद्याच्या लेखी विशेष फरक नव्हता.

या संपूर्ण व्यवस्थेत एका माणसाचा मात्र कोठेही उल्लेख नाही. पन्नास-साठ वर्षांची मोटार आपोआप टिकत नाही. तिचा गंजलेला पत्रा कापून तसाच नवा घडविणारा, बाजारात न मिळणारा सुटा भाग लेथवर उतरविणारा, वायरिंग नव्याने गुंफणारा कोणी तरी कारागीर असतो. मोटारीला दर्जा मिळाला, मालकाला प्रमाणपत्र मिळाले. पण हे काम शिकावे कोठे, ते येते हे सिद्ध करावे कसे आणि त्यावर पोट चालेल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे या कारागिराला आजही मिळालेली नाहीत. यंत्रोद्योगाचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाशिकने तरी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहायला हवे. कारण त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री या शहरात आधीपासूनच आहे.

सरकती मर्यादा

'व्हिंटेज' म्हटले की डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस येतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक पाहण्यासाठी दरवर्षी गर्दी होते. अशा मोटारींची संख्या मर्यादित आहे आणि त्यांचे मालकही मोजकेच. तेवढ्यावर एखादा व्यवसाय उभा राहील, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.

नियमातील पन्नास वर्षांची मर्यादा मात्र स्थिर नाही; ती दरवर्षी एक वर्षाने पुढे सरकते. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची वाहने आज तिच्या कक्षेत आलेली आहेत. या काळात भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने काय होते? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेल्या फियाट, १९७४ पासून त्याच मोटारीला मिळालेले 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव, हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, स्टँडर्ड हेराल्ड, आणि महिंद्राच्या जीप. नियमात दुचाकींचाही समावेश असल्याने म्हैसूरच्या जावा-येझदी, राजदूत, लॅम्ब्रेटा, १९७२ मध्ये आलेली बजाज चेतक हीदेखील या यादीत येतात.

ही वाहने राजवाड्यांत नाहीत. ती निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतील शेडमध्ये, जुन्या वाड्यांच्या मागील दारी, निवृत्त डॉक्टर-वकिलांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी आहेत. आतापर्यंत त्यांचे भवितव्य भंगारवाल्याच्या तराजूवर ठरत असे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या मोटारींच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. एकीकडे जुने वाहन रस्त्यावरून हटविण्याचा आग्रह आणि दुसरीकडे फार जुने वाहन वारसा म्हणून जपण्याची मुभा, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत वाहन जगवायचे असेल, तर ते कारागिराच्या हातांनीच जगणार आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून बाहेर पडली. वर्तमानपत्रांतून तिच्यावर भरभरून लिहिले गेले. ज्या मिस्त्रींनी ही हजारो इंजिने वर्षानुवर्षे डोळे मिटून खोलली आणि जोडली, त्यांच्या जवळचे ज्ञान मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही. उद्या एखाद्या संग्राहकाला पद्मिनी मूळ रूपात उभी करायची असेल, तर त्याला शोध घ्यावा लागेल तो याच मिस्त्रींचा.

काम कोणते आणि हात कोणते

या कामाला इंग्रजीतून आलेला 'रिस्टोरेशन' हा शब्द गॅरेजांतून रूढ झाला आहे. आपल्याकडे देवळांच्या बाबतीत वापरला जाणारा 'जीर्णोद्धार' हा शब्द त्याला अधिक चपखल बसतो. नेहमीची दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांत मूलभूत अंतर आहे. दुरुस्तीत बिघडलेला भाग काढून दुकानातून आणलेला नवा बसवितात. जीर्णोद्धारात दुकानात तो भाग मिळतच नाही, हे गृहीत धरून कामाला सुरुवात करावी लागते.

पत्र्याचेच उदाहरण घ्या. अपघातात चेपलेला मडगार्ड ठोकून सरळ करणे आणि वर पुट्टी भरून रंग देणे हे कोणत्याही गॅरेजात चालणारे काम होय. साठ वर्षांच्या मोटारीत तो मडगार्ड खालून चाळणीसारखा झालेला असतो. सपाट पत्र्यातून दोन्ही दिशांना गोलाई असलेला आकार हातोडी, ठोकळा आणि चाकयंत्र यांच्या साहाय्याने उभा करावा लागतो. पत्रा ताणला की पातळ होतो, आवळला की जाड होतो, तापविला की वाकडा जातो. हे सारे बोटांना कळावे लागते. जुन्या पद्धतीत सांधा शिशाच्या डाकाने भरून कानशीने घासून एकजीव करीत असत. त्याऐवजी बोटभर जाडीची पुट्टी थापली, तर दोन पावसाळ्यांत तिच्याखाली पुन्हा गंज धरतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक मोटारींच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. तेथे सुताराची गरज पडते. त्या काळच्या इंजिनांत आजच्यासारखी तयार बेअरिंगे नसत. कथिलप्रधान 'व्हाइट मेटल' वितळवून जागेवर ओतावे लागे आणि मग ते तासून दांड्याच्या मापाला आणावे लागे. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या गाड्यांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ मापाचे असतात. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे झिजतात आणि पन्नास वर्षे टिकलेला बोल्ट पाच मिनिटांत वाया जातो. वीजजोडणी सहा व्होल्टची असते आणि अनेक गाड्यांत अधन टोकाऐवजी धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. हे ठाऊक नसलेल्या हाताने नवी बॅटरी जोडली, तर नुकसान ठरलेलेच.

कार्बोरेटरची गोष्ट वेगळी नाही. मोटारींतून तो २००० नंतरच्या काही वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींमध्येही इंधन इंजेक्शन आले. आज आयटीआयतून बाहेर पडणारा तरुण स्कॅनर लावून दोष शोधतो; एसयू किंवा सोलेक्स कार्बोरेटरचा आवाज ऐकून मिश्रण पातळ आहे की दाट, हे सांगणारा कान त्याला कोणी दिलेला नाही. त्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता देशभर सर्रास मिळते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, बुचाच्या पॅकिंग आणि जस्तमिश्रित धातूचे कार्बोरेटर यांना ते मानवत नाही. टाकीत ओल धरली की गंजही वाढतो. नळ्या आणि पॅकिंग बदलून इथेनॉलला टिकतील अशा साहित्याच्या बसविणे, हे गेल्या काही वर्षांत या कारागिरांपुढे आलेले नवे काम आहे.

थोडक्यात, पत्रेवाला, सुतार, खरादी, फिटर, वायरमन, रंगारी, मुलामा देणारा आणि गाद्या शिवणारा अशा आठ हातांचा हा मेळ आहे. एकट्या माणसाला आठही कामे सारख्याच कौशल्याने येणे अशक्यप्राय. त्यांपैकी एक पक्के येणे आणि उरलेल्या सातांतील चांगले-वाईट ओळखता येणे, हे या व्यवसायातील उस्तादाचे खरे लक्षण मानावे लागेल.

'मूळ स्वरूप' म्हणजे काय?

२०२१ च्या नियमातील एक अट कारागिराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी झाली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी फेरबांधणी झालेली नसावी, असे नियम सांगतो. हेतू स्पष्ट आहे. फियाटच्या बॉडीखाली दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन बसवून कोणी तिला वारसा म्हणू नये.

आपल्याकडे मात्र नेमके हेच मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. पेट्रोलचे भाव वाढले तसे अनेक जीप आणि अँबॅसडर डिझेलवर गेल्या. सुटे भाग मिळेनात तेव्हा मिळेल ते बसविण्यात आले. त्यात मालकाची हौस नव्हती, गरज होती आणि ती पुरी करणारे मिस्त्री हुशारच होते. तोच जुगाड आज त्या गाडीच्या आड येऊ शकतो.

येथे कारागिरावर दुहेरी जबाबदारी येते. गंजलेला पत्रा बदलल्याशिवाय गाडी उभी राहत नाही आणि अमर्याद बदलला तर 'मूळ स्वरूप' उरत नाही. किती बदलावे, किती राखावे, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये 'तुरिनची सनद' स्वीकारली. जुन्या इमारतींच्या जतनाची तत्त्वे तिने वाहनांना लावली. जे आहे ते राखणे हे प्रथम कर्तव्य; बदल करावाच लागला तर तो कमीत कमी असावा, ओळखता यावा आणि त्याची लेखी नोंद असावी, असे या सनदेचे सूत्र आहे.

'लेखी नोंद' हा शब्द आपल्या गॅरेजांना अनोळखी आहे. गाडी खोलताना प्रत्येक भागाचे छायाचित्र, क्रमांकाची चिठ्ठी, मूळ रंगाच्या थरांचा नमुना, बदललेल्या भागांची यादी आणि काढलेला जुना भाग मालकाच्या स्वाधीन केल्याची पावती, एवढे केले तरी राज्याच्या तपासणी समितीपुढे मालकाची बाजू भक्कम होईल. पर्यायाने असे दप्तर ठेवणाऱ्या कारागिराचा दरही वाढेल. हातोडीइतकीच वही महत्त्वाची, हे या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुणाने पहिल्याच दिवशी समजून घेतले पाहिजे.

जुनी शाळा बंद, नवी उघडलीच नाही

हे काम आजवर शिकविले कोणी? उत्तर सर्वांना माहीत आहे. दहा-बारा वर्षांचा मुलगा गॅरेजात येई. पहिली काही वर्षे तो झाडू मारी, पाने हातात देई, रॉकेलमध्ये भाग धुई. पगार नावाला, शिव्या भरपूर. पाहता पाहता त्याच्या हातात काम बसे आणि विशीत तो स्वतः मिस्त्री होई. नाशिकच्या मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या गॅरेजांत काय किंवा मुंबईच्या गल्ल्यांत काय, पन्नाशी-साठी ओलांडलेले बहुतेक कारागीर याच वाटेने आलेले आहेत.

ही वाट आता कायद्याने बंद आहे आणि ती बंद झाली, हे चांगलेच झाले. २०१६ मधील दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. अठरापर्यंतच्या किशोरांना धोक्याच्या कामांपासून दूर ठेवण्याची तरतूद आहे. गॅरेजातले धोके खोटे नाहीत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असते, डाकात शिसे असते, आजच्या दोन घटकांच्या रंगांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. लहान मुलांनी तेथे असू नये, याविषयी दुमत संभवत नाही.

प्रश्न आहे तो पुढचा. मुलगा शाळा शिकून अठराव्या वर्षी बाहेर पडला, तर ही विद्या त्याला कोठे मिळणार? देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून, तर शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. आयटीआयच्या राष्ट्रीय यादीत फिटर, टर्नर, वेल्डर, शीट मेटल वर्कर, मोटार मेकॅनिक, वाहनांच्या बॉडीची दुरुस्ती, बॉडीचे रंगकाम असे अभ्यासक्रम आहेत. म्हणजे तुकडे सारे आहेत. त्यांना जोडणारा धागा नाही. जुन्या वाहनांचे जतन हा विषय म्हणून कोठेही शिकविला जात नाही. मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचा भर साहजिकच सेन्सर, इंजेक्शन आणि आता विजेवरील वाहने यांवर आहे. नोकऱ्या तेथे आहेत. त्याला दोष देता येणार नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना स्थान मिळाले. १३ हजार कोटी रुपयांच्या या योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. यादीत लोहार आहे, कुलूप तयार करणारा आहे, हातोडी आणि अवजारे बनविणारा आहे. मोटारीचा पत्रा घडविणाऱ्याचे वेगळे नाव त्यात नाही. त्याची परंपरा शतकभराची असली, तरी सरकारी व्याख्येत तो ना पारंपरिक कारागीर ठरतो ना पदवीधर तंत्रज्ञ.

हातात विद्या असलेल्या, पण कागद नसलेल्या माणसाचे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जुळवून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी तयार केली. तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले आणि हे वाहन नियमांत बसत नसल्याने प्रशासन ते आज ना उद्या अडवील, हेही सांगितले. त्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देण्यात आली. त्याही आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून 'मीरा' या छोट्या मोटारीचे नमुने स्वतः घडविले. पण ती कधी उत्पादनात आली नाही. अशा हातांचे कौतुक करण्यात आपण कमी पडत नाही. त्यांना व्यवस्थेत जागा देण्यात मात्र पडतो.

नाशिककडे काय आहे?

आता नाशिकचा विचार करू. जुन्या नाशकातील भांडी बाजार तांब्या-पितळेच्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे. तांब्याच्या पत्र्याला ठोके देऊन गोलाई आणि बळकटी आणण्याच्या कामाला तांबट 'मठारणे' म्हणतात. मोटारीच्या पत्र्याला गोलाई देऊन, शेवटच्या हलक्या ठोक्यांनी तो गुळगुळीत करण्याचे तंत्र त्याच कुळातले. धातू वेगळा, अवजारे वेगळी. पण हाताला लागणारी जाण एकच. स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या भांड्यांनी तांबटांचा धंदा आक्रसला. त्यांच्या मुलांना या नव्या वाटेची कोणी ओळख करून दिली, असे दिसत नाही.

ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तेथे बांधल्या गेलेल्या मिग-२१ विमानांना हवाई दलाने सप्टेंबर २०२५ मध्ये निरोप दिला आणि पुढच्याच महिन्यात त्याच ओझरहून तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे काम, रिव्हेटिंग आणि बदललेल्या प्रत्येक भागाची काटेकोर नोंद ठेवण्याची शिस्त या कारखान्याने नाशिक परिसरातील दोन पिढ्यांना लावली. तुरिनच्या सनदेला अभिप्रेत असलेली शिस्त हीच होय. तेथून निवृत्त झालेले कुशल कामगार आज शहराच्या वसाहतींतून राहत आहेत. त्यांच्या अनुभवाला कोणी हाक दिलेली नाही.

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींबद्दल वेगळे सांगायला नको. महिंद्राची २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडली. पूर्वीची मायको, म्हणजे आजची बॉश, डिझेल इंजेक्शनच्या सूक्ष्म भागांसाठी ओळखली जाते. या मोठ्या कारखान्यांभोवती लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, ओतकाम आणि मुलामा देण्याची शेकडो छोटी युनिटे वाढली. एखादा दुर्मीळ गिअर किंवा बुश एकच नग बनवून घ्यायचा असेल, तर त्यासाठी लागणारे यंत्र आणि यंत्रावरचा माणूस येथे काही किलोमीटरच्या आत सापडतो. त्र्यंबक रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. दूरशिक्षणाचा तीन दशकांहून अधिक अनुभव असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून राज्यभर कामकरी वर्गाला शिक्षण देत आहे. मुंबई-पुण्याचे संग्राहक चार-पाच तासांच्या अंतरावर आहेत आणि जागेचे भाडे तेथल्यापेक्षा कमी आहे.

परदेशांतील वाट

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील मॅकफर्सन कॉलेज या छोट्या महाविद्यालयाने १९७६ मध्ये एका दात्याच्या मोटारसंग्रहाच्या आधारे या विषयाचे शिक्षण सुरू केले. आज तेथे मोटार जीर्णोद्धार या विषयात चार वर्षांची पदवी मिळते. पत्रा, रंग, इंजिन, गाद्या यांबरोबर विद्यार्थ्याला मोटारीचा इतिहास आणि व्यवस्थापनही शिकावे लागते. इंग्लंडमध्ये बिस्टर येथील हवाई दलाचा जुना तळ २०१३ मध्ये खासगी कंपनीने घेतला आणि तेथील हँगर व शेड जुन्या मोटारींच्या कारागिरांना भाड्याने दिले. एकाच आवारात रंगारी, इंजिनवाले, गाद्यावाले आले. पाठोपाठ वारसा वाहनांच्या शिकाऊ उमेदवारांसाठी अकादमीही तेथे उभी राहिली. एका गावात एक महाविद्यालय आणि दुसऱ्या गावात एक आवार एवढ्यावर हे घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पोटाचा प्रश्न

या व्यवसायाचे चित्र केवळ गुलाबी रंगवणे तरुणांची फसवणूक ठरेल. गिऱ्हाईक कमी, काम दीर्घ आणि पैसा हप्त्या-हप्त्याने येणारा, असे याचे स्वरूप आहे. एका गाडीला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. मध्येच मालकाचा उत्साह मावळला, तर अर्धवट खोललेली गाडी जागा अडवून बसते. सुरुवातीला दिलेला अंदाज बहुधा चुकतो. कारण रंग खरवडल्याशिवाय गंज किती आहे, हे कोणालाच कळत नाही. म्हणूनच एकरकमी ठेका न घेता टप्प्याटप्प्याने अंदाज आणि टप्प्याटप्प्याने पैसे, हा करार लेखी असणे कारागिराच्या हिताचे आहे.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणापुढे आज व्यवहार्य अशी एकच वाट दिसते. दहावी-बारावीनंतर आयटीआयचा वेल्डर, शीट मेटल, फिटर किंवा टर्नर यांपैकी एक अभ्यासक्रम पूर्ण करावा. कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करून मापाची सवय लावून घ्यावी. त्यानंतर दोन-चार वर्षे एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावीत. स्वतंत्र काम सुरू करताना मोटारीऐवजी दुचाकीपासून आरंभ करणे शहाणपणाचे. जागा कमी लागते, भांडवल कमी अडकते, गिऱ्हाईक अधिक मिळते आणि चूक झाली तरी ती परवडते. नेहमीचे डेन्टिंग-पेंटिंगचे काम सोडू नये. रोजचा खर्च त्यातून निघावा आणि जुन्या गाडीचे काम सावकाश चालावे, हाच मार्ग टिकाऊ आहे. तरीही या वाटेने गेलेल्याला शेवटी 'तू हे काम जाणतोस' असे सांगणारा कागद मिळत नाही आणि त्यावाचून बँक कर्ज देत नाही, हे वास्तव उरतेच.

करण्याजोगे काय?

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. अस्तित्वात असलेल्या योजनांची सांगड घातली, तरी बरेच साधेल. पहिली गोष्ट, अनुभवी मिस्त्रींच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. वाहन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने जुन्या वाहनांच्या पत्राकामाचा आणि इंजिनकामाचा निकष ठरवून ती या कारागिरांना खुली करावी. दुसरी, आयटीआय झालेल्यांसाठी सहा महिन्यांचा जोड अभ्यासक्रम सातपूरला सुरू करता येईल. प्रात्यक्षिकासाठी शासकीय कार्यालयांच्या आवारांत वर्षानुवर्षे सडत पडलेल्या जुन्या जीप आणि अँबॅसडर उपलब्ध करून द्याव्यात. तिसरी, मुक्त विद्यापीठाने जुन्या मिस्त्रींच्या कामाचे चित्रीकरण करून ते मराठीतून अभ्याससाहित्य म्हणून तयार करावे. या विषयावर मराठीत वाचण्याजोगे आज जवळजवळ काहीच नाही. चौथी, राज्याच्या तपासणी समितीने कारागिराने सही केलेली कामाची नोंदवही अधिकृत पुरावा म्हणून स्वीकारावी. एवढ्या एका निर्णयाने गॅरेजात वही येईल आणि वही ठेवणाऱ्याला मान येईल.

विश्वकर्मा योजनेच्या यादीत भर घालणे हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यासाठी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आणि उद्योजक संघटनांनी पाठपुरावा करायला हरकत नाही.

या सर्वांत घाई कशाची, असे कोणी विचारील. घाई मोटारींसाठी नाही. बंद शेडमध्ये त्या आणखी दहा वर्षे उभ्या राहतील. ज्यांनी फियाटची आणि जीपची इंजिने तारुण्यात हाताळली, ते मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची मुले मोबाइल दुरुस्तीत किंवा कारखान्याच्या कंत्राटी नोकरीत आहेत. व्हाइट मेटल किती तापल्यावर ओतावे, हे त्यांतील कोणी कधी लिहून ठेवलेले नाही. पुढील पाच-सात वर्षांत हे शिक्षण सुरू झाले, तर शिकवायला उस्ताद मिळतील. त्यानंतर नियमानुसार 'व्हिंटेज' ठरलेल्या मोटारी दरवर्षी वाढत जातील आणि त्या दुरुस्त करण्यासाठी मालकाला परदेशातून माणूस बोलवावा लागेल.